मासे कधी

पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी
टेप घेऊन आले, टाकी मोजून गेले.
दोनशे लिटर पाणी, वर काच, वाळू, दगड.
"मॅडम, स्लॅबला विचारलंत का?"
म्हटलं, बीमवर ठेवतेय, भिंतीला लागून.
आईचं शिलाई मशीन असायचं तिथे.
फरशीवर चार पायांचे चार डाग
घासूनही गेले नाहीत.

गोदावरी इथून निघते तीच
जवळच्या समुद्राकडे पाठ करून.
घाट उतरला की डहाणू, पण नाही,
हिला पार आंध्रातून जायचंय.
म्हणून मला समुद्र बादलीतून आणावा लागला.
पंचवीस किलो, कोरडा, पांढरा,
द्वारकेच्या अश्फाकने स्कूटरवर माझ्या पायांशी ठेवून दिलेला.
"ताई, नळाचं पाणी घालू नका.
आणि घाई करू नका."
पहिलं ऐकणं सोपं होतं.

रात्रभर आरओ थेंब थेंब.
मी पोळ्यांचं नवं लाटणं घेऊन ढवळत बसलेली.
दिवसभर वाइनरीत द्राक्षरसाची साखर मोजते मी,
घनता मला नवीन नाही,
तरी काचेवर थेंब ठेवून खिडकीकडे डोळा लावला
आणि निळी रेघ एक पूर्णांक शून्य दोन पाचवर टेकली,
तेव्हा लाटणं हातातून पडलं.

पप्पांनी बोट बुडवलं, चाटलं.
चौतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा मोजलेलं बोट.
"डहाणूपेक्षा आळणी आहे."
डहाणूला ते एकदाच गेलेत,
सत्त्याऐंशी साली, दोघंच.
मी यंत्र पुसलं, आधी शून्यावर आणलं (ते राहिलंच होतं)
आणि परत बघितलं.
तेवीस.
मुकाट्याने अजून दोन वाट्या मीठ घातलं.

मग सुरू झालं काहीच न होणं.
एक कोळंबी वाळूत सडायला ठेवली,
तिच्यावर जगणारे डोळ्याला न दिसणारे जीव
आधी वाढायला हवेत.
यीस्टसारखंच. मला ठाऊक आहे,
पण वाइनरीत निदान बुडबुडे येतात.
खैरनार काकू दर दोन दिवसांनी
पदर नाकाला लावून,
"मासे कधी?"
पप्पा वहीत लिहायचे:
अमोनिया हिरवा. नायट्राइट जांभळा.
शनिवारी लाईट गेली, साडेतीन तास.
थंडी आठ अंश, टाकीला सोलापुरी चादर.

पाणी रोज बोटभर उतरायचं.
पप्पा मिठाचं पाणी करायला निघाले तर अडवलं,
वाफ होते ती पाण्याची, पप्पा, मीठ कुठेच जात नाही,
भरपाई गोड्याचीच करायची.
ते बराच वेळ काचेपाशी उभे राहिले.
त्या तारखेखाली वहीत एवढंच आहे:
गेलं ते गोडं. राहिलं ते खारं.

चोविसाव्या रात्री, दोन वाजता,
मला हलवून उठवलं त्यांनी.
टॉर्चवर लाल जिलेटिन, रबरबँडने बांधलेलं.
"बोलू नकोस."
दगडाच्या भोकातून केसाएवढा एक हात बाहेर आला,
चाचपला,
वाळूचा एक कण उचलून बघितला,
नको म्हणून ठेवला,
आत गेला.
मग दुसऱ्या भोकातून दुसरा. त्याचाच की आणखी कुणाचा?
अश्फाकच्या बिलात दगड आठ किलो,
याचं नाव कुठेच नाही.
आम्ही दोघं गारठलेल्या फरशीवर पाय आखडून,
मी एका डागावर, ते दुसऱ्या.

सकाळी काकू दारात.
पप्पा ब्रश तोंडात घेऊनच म्हणाले,
"मासे नाहीत अजून. पण कुणीतरी आहे."
काकू चप्पल काढून आत आल्या,
पहिल्यांदाच पदर न लावता.
रिकाम्या काचेला नाक टेकवून
उभ्या राहिल्या.

वहीत, प्रेसच्या त्या बारीक, तिरक्या अक्षरात:
नग १.
मोजणी अपूर्ण.